वावडे असलेल्या बालकाची आपत्कालीन शिदोरी

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हाती शिदोरी देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वाटेत नदीला पाणी आले, गाडी चुकली किंवा मुक्काम वाढला, तरी बरोबरची भाकरी माणसाला आधार देते. आपत्ती हादेखील एक प्रवासच होय. फरक इतकाच की तो ठरवून घडत नाही आणि निघताना शिदोरी बांधायला सवड मिळत नाही. म्हणूनच ती आधी बांधून ठेवावी लागते. ज्या घरात एखाद्या अन्नपदार्थाचे वावडे असलेले लहान मूल आहे, त्या घरात तर अशी बांधून ठेवलेली शिदोरी औषधाइतकीच मोलाची ठरते. या शिदोरीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणा व कर्नाटकाच्या सीमेलगत देगलूर तालुका वसलेला आहे. मांजरा, मन्याड व लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांतील या भागाला दुष्काळ जसा परिचित आहे, तसा पूरही अपरिचित नाही. ऑगस्ट २०२५ च्या मध्यास शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत अतिवृष्टी झाली. लेंडी धरणाचे पाणी हसनाळ, रावणगाव आदी गावांत शिरले. झोपेतील माणसांना अंगावरील वस्त्रांनिशी घराबाहेर पडावे लागले, जीवितहानीही झाली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला व लष्कराला मदतकार्यासाठी पाचारण करावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागाने पुन्हा पूर अनुभवला. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना बसलेला भूकंपाचा हादरा आजही कोणी विसरलेले नाही. या घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. संकट बहुधा रात्री येते, आणि त्या क्षणी हाताशी जे असेल तेवढेच बरोबर नेता येते.

पंगत सर्वांसाठी, मूल मात्र वेगळे

संकटग्रस्तांना अन्न पोहोचविण्यात महाराष्ट्रातील जनता कधी मागे राहिलेली नाही. शाळेत किंवा मंगल कार्यालयात निवारा उभा राहतो, मोठ्या पातेल्यात खिचडी शिजते, शेजारच्या गावांतून पोळी-भाजी, चिवडा, बिस्किटे व दूध-भुकटीची पाकिटे येतात. शेकडो माणसांची भूक भागवायची तर एकच पदार्थ सर्वांना वाढण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते योग्यही आहे.

परंतु या पंगतीत असे एखादे मूल असते की, ज्याला शेंगदाण्याचा कण किंवा दुधाचा थेंबही चालत नाही. खिचडीत कूट आहे, बिस्किटात दूध आहे, चिवड्यात शेंगदाणे आहेत. म्हणजे इतरांना जीवदान देणारे ताट या मुलाला धोक्याचे असते. अशा वेळी आईपुढे दोनच मार्ग उरतात : मुलाला उपाशी ठेवणे किंवा जोखीम पत्करून घास भरविणे. यांपैकी कोणताही मार्ग तिला स्वीकारावा लागू नये, एवढाच या शिदोरीचा हेतू आहे.

अशी मुले संख्येने थोडी असतात, हे खरे. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, त्यांत अन्नाच्या वावड्याचे संभाव्य प्रमाण ०.१४ टक्के, म्हणजे हजार मुलांमागे साधारणपणे एक-दोन इतके आढळले. मात्र प्रमाण अल्प आहे म्हणून निश्चिंत राहणे बरोबर नाही. उलट, गावात असे मूल एखादेच असल्यामुळे स्वयंपाक करणाऱ्यास त्याची कल्पना नसते आणि मदत पाठविणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसते. त्यामुळे या मुलाच्या जेवणाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबावरच येऊन पडते.

वावडे म्हणजे काय?

रोगजंतूंपासून रक्षण करणारी एक प्रतिकार यंत्रणा निसर्गाने शरीरात ठेवली आहे. काही बालकांत ही यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते. त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि पुढच्या वेळी तेच अन्न पोटात गेले की शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम मोकळी करतात. त्यामुळे अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास कोंडतो व रक्तदाब उतरतो. या अखेरच्या तीव्र अवस्थेचे शास्त्रीय वर्णन फ्रान्समधील पोर्तिए व रिशे या संशोधकांनी १९०२ मध्ये केले. पुढे १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. 'ॲलर्जी' हा शब्द ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणला. आपल्या बोलीत मात्र 'अमक्याला अमुक पदार्थाचे वावडे आहे' असे म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दूध प्याल्यावर पोट फुगणे हे दुधातील साखर न पचल्यामुळेही घडते; ते वावडे नव्हे. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्यास इजा होणारा सिलिॲक विकारही वेगळा होय. त्यात श्वास अचानक कोंडत नाही, परंतु पथ्य मात्र तितकेच काटेकोर पाळावे लागते. म्हणून मुलाला नेमके काय चालत नाही, याचे निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. केवळ संशयावरून दूध, डाळी, गहू असे एकेक अन्न वर्ज्य करीत गेल्यास वाढत्या वयाचे मूल कुपोषित होण्याचा धोका असतो.

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे व तीळ हे वावड्यास कारण ठरणारे प्रमुख पदार्थ होत. भारतीय बालकांत हरभरा, उडीद, मसूर अशा डाळींचे वावडेही आढळते.

आपल्या स्वयंपाकघरातील लपलेले धोके

शेंगदाणा वर्ज्य करणे ही गोष्ट कागदावर सोपी दिसते. मराठवाड्यातील स्वयंपाकघरात ती तितकी सोपी नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात कूट, पोह्यांत दाणे, भाकरीबरोबर शेंगाची चटणी आणि मुलाच्या हातात चिक्की, असा शेंगदाणा दिवसभर ताटात असतो. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात मात्र ते राहू शकते. पुढील गोष्टींकडेही पालकांनी लक्ष द्यावे.

१. पिठाची गिरणी : गव्हानंतर लगेच त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर ज्वारीच्या पिठात गहू उतरतो. गव्हाचे पथ्य असलेल्या मुलाचे पीठ घरच्या जात्यावर किंवा स्वच्छ धुतलेल्या मिक्सरमध्ये दळावे.

२. भट्टी : चुरमुरे, फुटाणे व शेंगदाणे बहुधा एकाच वाळूत व एकाच कढईत भाजले जातात. शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलासाठी भट्टीवरचा माल घेऊ नये.

३. हिंग : बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

४. बिस्किटे व पाव : गव्हाखेरीज त्यांत दुधाचे घन पदार्थ व सोयाबीनचे घटक असू शकतात.

५. शेळीचे दूध : गाईचे दूध चालत नसेल तर शेळीचे द्यावे, असा समज ग्रामीण भागात आहे. तो घातक आहे. गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असल्यामुळे एकाचे वावडे असलेल्या बालकास बहुधा दुसरेही सोसत नाही.

६. कुपोषित बालकांसाठीचा तयार उपचारात्मक आहार : पाकिटातून मिळणारी ही लापशीसारखी लुकण सामान्यतः शेंगदाणे, दूध-भुकटी, साखर व तेल यांपासून बनते. कुपोषित मुलांना ती संजीवनीसारखी असली, तरी शेंगदाणा किंवा दूध न चालणाऱ्या मुलास डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये.

बंद पाकिटातील पदार्थांबाबत कायद्याने ग्राहकास एक साधन दिले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन, तसेच ठरावीक प्रमाणातील सल्फाइट यांचा स्वतंत्र उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. मात्र तीळ व हरभरा या यादीत नाहीत, आणि सुट्या मालावर तर कोणताच मजकूर नसतो. म्हणून वावड्याच्या शिदोरीत सुटा फरसाण, चिवडा किंवा मिठाई कधीही ठेवू नये.

तीन दिवसांचे गणित

रस्ते खुले होऊन नेहमीचा बाजार सुरू होईपर्यंत निदान तीन दिवस निभावता यावेत, असा हिशोब धरावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १ ते ३ वर्षे वयाच्या बालकास दररोज सुमारे १,११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ४ ते ६ वर्षे वयास सुमारे १,३६०. म्हणजे लहान बालकाच्या तीन दिवसांसाठी ३,३०० किलोकॅलरींची तजवीज हवी. कोरड्या धान्य-डाळींतून दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे पाऊण किलो धान्य-डाळीचे पदार्थ, १५० ग्रॅम गूळ व दोन मोठे चमचे तेल एवढे पुरेसे होते. एका किलोहून कमी वजनाची ही पिशवी कोणालाही खांद्याला अडकवून नेता येईल.

उदाहरणादाखल, दूध व शेंगदाणा या दोहोंचे वावडे असलेल्या, परंतु तांदूळ, ज्वारी व मूग चालणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाची शिदोरी पुढीलप्रमाणे बांधता येईल.

भाजलेले पीठ (३०० ग्रॅम) : दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी, वेगवेगळी खमंग भाजावी व घरीच दळावी. निवाऱ्यात चूल मिळाल्यास हे पीठ पाण्यात पाच मिनिटे शिजवून तिखटाविना पेज किंवा गूळ घालून खीर करता येते. चूल नसेल तर उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे.

कडक भाकरी (२५० ग्रॅम) : ज्वारीची पातळ, कडक भाकरी कोरडी राहिल्यास पुष्कळ दिवस टिकते. मुलाला देताना ती कुस्करून गरम पाण्यात मऊ करावी.

लाह्यांचे पीठ व पोहे (२०० ग्रॅम) : ज्वारीच्या लाह्या घरीच फोडून त्यांचे पीठ करावे. लाही फुटताना शिजलेली असल्यामुळे हे पीठ स्वच्छ पाण्यात कालवून गुळाबरोबर तसेच देता येते. पातळ पोहेही भिजवून चालतात. विस्तव मिळण्याची शाश्वती नसलेल्या पहिल्या रात्री हेच पदार्थ उपयोगी पडतात.

याखेरीज गूळ, मीठ, लहान बाटलीत तेल, जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटे व निघताना घरात असल्यास केळी घ्यावीत. जलसंजीवनीचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्णपणे विरघळवावयाचे असते. थोडी पूड थोड्या पाण्यात घालू नये. पाणी उकळून गार केलेले असावे. किमान पहिल्या दिवसापुरते पाणी बरोबर घ्यावे.

या यादीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलाच्या पथ्याप्रमाणे फेरफार करावा. डाळ चालत नसेल तर ती गाळावी आणि तेवढेच धान्य वाढवावे. मात्र तीन नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. पहिला, मुलाने यापूर्वी अनेकदा निर्धोकपणे खाल्लेलाच पदार्थ शिदोरीत ठेवावा. संकटाच्या दिवशी नवा पदार्थ चाखवून पाहू नये. दुसरा, पाच वर्षांखालील मुलास अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. तिसरा, एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. तीन दिवसांच्या शिदोरीतून संपूर्ण समतोल आहार साधेल असे नाही. पोट भरावे आणि अपाय होऊ नये, एवढेच तिच्याकडून अपेक्षित आहे.

तान्ह्या बाळाची शिदोरी

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईचे दूध हीच सर्वोत्तम शिदोरी होय. ते सांडत नाही, नासत नाही आणि ते देण्यासाठी चूल लागत नाही. संकटाच्या धक्क्याने दूध आटते या समजुतीने स्तनपान बंद करू नये. बाळाला वारंवार पाजल्याने दूध येत राहते. बाळाला गाईच्या दुधाचे वावडे असल्यामुळे डॉक्टरांनी आईलाही दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करण्यास सांगितले असेल, तर निवाऱ्यात मिळणारा दुधाचा चहा, दही व बिस्किटे तिनेही टाळावीत. तिच्यासाठीही थोडी शिदोरी बांधावी.

ज्या बाळाला डॉक्टरांनी विशिष्ट प्रकारची पर्यायी दूध-भुकटी लिहून दिली आहे, त्याच्यासाठी एक न उघडलेला डबा, त्यातील मापाचा चमचा व वाटी-चमचा वेगळा बांधून ठेवावा. पुराच्या दिवसांत बाटली स्वच्छ राखणे अशक्यप्राय असल्याने वाटी-चमचाच वापरावा. मदत म्हणून आलेली साधी दूध-भुकटी अशा बाळाला देऊ नये. अर्भकांच्या दुग्धपर्यायांचे सरसकट मोफत वाटप करण्यास १९९२ च्या कायद्यानेही आळा घातला आहे, हे मदत पाठविणाऱ्या संस्थांनी ध्यानात ठेवावे.

बांधणी व बदल

शिदोरीसाठी नवे किंवा साबणाने स्वच्छ घासलेले घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे घ्यावेत. कूट, चिक्की किंवा दूध-भुकटी ठेवलेला प्लास्टिकचा डबा वापरू नये. प्रत्येक डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे व सर्व डबे एका रंगीत थैलीत ठेवावेत. त्याच थैलीत मुलाची ताटली, वाटी, चमचा, पेला, साबणाची वडी व स्वच्छ फडके असावे. थैली माळ्यावर किंवा अडगळीत न ठेवता दाराजवळील खुंटीला, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगावी. ती कोठे आहे, हे घरातील आजी-आजोबांनाही ठाऊक असले पाहिजे.

शिदोरी एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नाही. पीठ जुने झाले की त्यात कीड पडते व त्यास कुबट वास येतो. यासाठी सणांची आठवण उपयोगी पडेल. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पहिली शिदोरी बांधावी. नागपंचमीला घरात लाह्या होतात तेव्हा ती बदलावी. पुढे पोळा व घटस्थापना या दिवशी पुन्हा ताजी करावी. काढलेले पीठ व भाकरी घरात खाऊन संपवावी, म्हणजे काहीच वाया जात नाही. पाहुणे आले म्हणून या थैलीतील डबा उघडायचा नाही, हा दंडक मात्र पाळावा.

डॉक्टरांनी दिलेली औषधे, दम्याचा त्रास असल्यास फवारा व औषधाची चिठ्ठी यांची वेगळी पाकळी करावी. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिलेले असल्यास ते उन्हापासून व उष्णतेपासून जपावे आणि त्याची मुदत दर शिदोरी बदलताना तपासावी.

एक चिठ्ठी, मोठ्या अक्षरांत

थैलीच्या बाहेर व मुलाच्या सदऱ्याला लावता येईल अशी जाड कागदाची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून तयार ठेवावी. गोंधळात मूल आईपासून दुरावले, तर ही चिठ्ठीच त्याच्या वतीने बोलते. मजकूर थोडक्यात असावा : 'या मुलाला शेंगदाणा व दूध यांचे वावडे आहे. आमच्या थैलीतील अन्नाखेरीज काहीही भरवू नये. अंगावर गांधी, ओठांस सूज किंवा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ १०८ ला कळवावे.' खाली पालकांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा. देगलूरसारख्या सीमावर्ती तालुक्यात मराठीबरोबर हिंदी, तेलुगू व कानडी बोलणारी माणसेही मदतीला येतात. म्हणून हाच मजकूर शक्य तेवढ्या भाषांत लिहून घ्यावा.

निवाऱ्यात घ्यावयाची दक्षता

निवाऱ्यात पोहोचताच स्वयंपाक करणाऱ्यांना मुलाचे पथ्य सांगावे. त्यात संकोच मानू नये. सामुदायिक पातेल्यातील भात मुलाला चालण्यासारखा असेल, तर फोडणी व कूट घालण्यापूर्वीच, धुतलेल्या पळीने त्याचा वाटा वेगळा काढून घ्यावा. शेंगदाणे वेचून काढलेली खिचडी सुरक्षित नसते. प्रथिन पाण्यात व तेलात आधीच उतरलेले असते.

आपल्या समाजात दुसऱ्याच्या लेकराला मायेने घास भरविण्याची पद्धत आहे. संकटात तर ही माया अधिकच दाटून येते. शेजारपाजारच्या भगिनींना म्हणूनच आधी समजावून सांगावे की, या बाळाला घास न देणे हीच त्याच्यावरची माया आहे. 'थोडेसे खाल्ल्याने काय होते' हे वाक्य येथे लागू पडत नाही. इतर मुलांनी शेंगदाणे खाल्ले असल्यास त्यांचे हात साबण व पाण्याने धुवावेत. हातावर चोळण्याच्या जंतुनाशक द्रवाने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचा अंश निघून जात नाही.

त्रास झालाच तर

एवढी दक्षता घेऊनही चुकून अपथ्य घडू शकते. लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत दिसू लागतात. केवळ तोंडाभोवती थोड्या गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेले औषध देऊन मुलाकडे सतत लक्ष ठेवावे. परंतु आवाज घोगरा होणे, घरघर, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या, अंग गार व निस्तेज पडणे यांपैकी काहीही दिसल्यास ती जीवघेणी अवस्था समजावी.

अशा वेळी ॲड्रेनॅलिन हेच प्रमुख औषध होय. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिले जाते व जितके लवकर दिले जाईल तितके गुणकारी ठरते. गांधींवरचे पातळ औषध त्याची जागा घेऊ शकत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, निवाऱ्यातील वैद्यकीय पथकास कळवावे आणि त्यांना 'अन्नाच्या वावड्याचा झटका आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मुलाला आडवे निजवून पाय किंचित वर करावेत. श्वासाला त्रास होत असल्यास मांडीवर टेकून बसवावे. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये, मुद्दाम ओकारी काढू नये, हळद-पाणी किंवा अन्य घरगुती उपायांत वेळ दवडू नये. त्रास थांबल्यासारखा वाटला तरी काही तासांनी तो उलटू शकतो. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच राहावे.

गावाने करावयाचे काम

कुटुंबाने शिदोरी बांधली म्हणजे गावाचे कर्तव्य संपले असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक जनतेसाठी उपलब्ध आहे. परंतु कोणत्या वस्तीत कोणत्या मुलाला काय चालत नाही, ही माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसून मिळणार नाही. ती अंगणवाडी सेविकेला व आशा कार्यकर्तीलाच असू शकते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी आज गावोगावी पोहोचली आहे. पावसाळ्यापूर्वी सेविकेने अशा मुलांची चार ओळींची यादी केली व तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळेत ठेवली, तर फार मोठे काम होईल. त्यास खर्च लागत नाही. एका संध्याकाळचा वेळ तेवढा लागतो.

पालकांनीही ही बाब लपवून ठेवू नये. मुलाला 'व्याधी' आहे असे लोक म्हणतील, या भीतीने पथ्य झाकून ठेवणारी घरे आहेत. वावडे हा दोष नाही व तो कोणाला लागतही नाही. दूध व अंडी यांचे वावडे असलेली पुष्कळशी मुले मोठेपणी त्यातून बाहेरही पडतात. तोवर त्यांना जपणे एवढेच आपल्या हाती आहे. मदत पाठविणाऱ्या मंडळांनीही आपल्या पाकिटांवर त्यांतील घटकपदार्थ मराठीत लिहिण्याची प्रथा पाडावी आणि शंभर पाकिटांत पाच-दहा तरी शेंगदाणा व दूध यांविना बांधावीत.

मृगाचा पाऊस दरवर्षी येणार आहे आणि नद्यांनाही पाणी येत राहणार आहे. ज्या घरात असे मूल आहे, तेथे दाराजवळच्या खुंटीवर एक रंगीत थैली टांगलेली असावी. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात शंभर माणसांची पंगत बसेल, तेव्हा ते मूलही आपल्या वाटीतली गुळाची पेज पोटभर खाऊन आईच्या मांडीवर निर्धास्त झोपी जाऊ शकेल.